एका बाटलीतला जव

परीक्षेच्या दिवसांत माझ्या तोंडाला चव नसते. शिकत होते तेव्हाही नसायची, आता शिकवते आहे तरी नसते. धुळ्याच्या या मुलींच्या शाळेत मार्च लागला की बाकं ओढण्याचे आवाज सुरू होतात, मुली लांबलांब बसवल्या जातात, आणि मी घंटा होईपर्यंत खिडकीपाशी उभी असते. बाहेर वारा सुटलेला असतो. खानदेशात या दिवसांतला वारा रिकाम्या हातानं येत नाही. तो खळ्यांवरून येतो, गव्हाचा भुसा घेऊन येतो. मुलींच्या पेपरांवर तो बसतो, वेण्यांत अडकतो, माझ्या ओठांना चिकटतो. मी तो जिभेनं टिपते. काहीच लागत नाही. आणि मग दरवर्षी, कुणी पाठीमागून येऊन उभं राहावं तसा तो एक उन्हाळा माझ्या मागं येऊन उभा राहतो.

मी तेव्हा भुसावळहून जळगावच्या कॉलेजात जात असे. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारच्या गाडीनं यायचं. नाना, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. यावलकडचं आमचं घर केळी-कापसाचं. पण नानांनी लेखणी धरली आणि मला रेल्वे कॉलनीतल्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथं नन्स होत्या, पियानो होता, आणि मधल्या सुट्टीत मराठी बोललं की बाकावर उभं राहावं लागे. घरी इंग्रजी बोललं की आई हसे. त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. गप्प माणसाला दिसतं मात्र पुष्कळ.

मला दिसत होतं ते असं : दर उन्हाळ्यात कॉलनीतला एखादा बंगला रिकामा होई. साहेब लोक सत्तेचाळीसच्या वर्षी गेले होतेच, पण अर्धे-गोरे, इथंच जन्मलेले, इथंच गार्ड आणि ड्रायव्हर झालेले लोक एकेक करून नंतर जात राहिले. जाण्याआधी व्हरांड्यात सामान मांडायचे. खुर्च्या, पिंजरे, फुटक्या कानाच्या कपबश्या. आईनं अशाच एका व्हरांड्यातून एक लोखंडी यंत्र आणलं. दांडा फिरवला की पुढच्या भोकांतून काहीतरी बाहेर यायचं. "शेवया पडतीन का वं यातून?" असं विचारत तिनं ते मोठ्या आनंदानं घासायला घेतलं. मी त्यावरची अक्षरं वाचली आणि ते मटण बारीक करायचं आहे असं सांगितलं. आईनं हात जिथल्या तिथं सोडले. मग आंघोळ केली. यंत्र बरेच दिवस अंगणात तसंच उलटं पडलं होतं. त्याला शिवायचं कुणी यावरून नाना आणि तिची बोलाचाली झाली.

बार्नेटसाहेब मात्र गेले नव्हते. ते अस्सल विलायतेचे, तरुणपणी लोको शेडमध्ये आलेले आणि फोरमन होऊन निवृत्त झालेले. कॉलनीच्या टोकाला, जिथं रस्ता संपून बाभळी सुरू होतात, तिथं ते एका भाड्याच्या घरात राहत. त्यांच्याबरोबर रूथमावशी राहत होती. ती धुळ्याच्या पश्चिमेकडची, साक्रीच्या रानातली, मिशनमध्ये वाढलेली. आयुष्याची निम्म्याहून जास्त वर्षं तिनं या माणसाच्या घरात काढली होती. त्यांचं लग्न लागलेलं होतं की नव्हतं, याबद्दल नळावर दोन मतं होती. नळावर तिला सगळ्या मेमसाब म्हणत, आणि तो मान नव्हता.

त्या हिवाळ्यात साहेबांना विषमज्वर झाला. ते वाचले, पण डोळे अधू झाले आणि जीभ गेली. बोलायची नव्हे, चवीची. मीठ आणि साखर सारखंच लागे. रूथमावशी सांगायची की एकदा त्यांनी चुकून मीठ पडलेला चहा तसाच पिऊन टाकला आणि वर "गुड" म्हणाले. तेव्हा ती मोरीत जाऊन रडली. नानांची त्यांच्याशी जुनी ओळख होती. साहेबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला कुणी हवं आहे असं कळल्यावर नाना मला म्हणाले, "जा, सुमन. त्यांचाही वेळ जाईल, तुझंही इंग्रजी सुधारेल." अशी मी परीक्षेच्या सुट्टीत रोज दुपारी तिकडं जाऊ लागले.

त्या घराचा वास मला अजून येतो. वाळ्याच्या पडद्यावर शिंपडलेलं पाणी, इंजिनाच्या धुराची पडद्यांत मुरलेली काजळी, आणि चुलीवर उकळत असलेला जव. हा जव म्हणजे त्या घरातलं रोजचं दुखणं होतं. बार्नेटसाहेबांचे वडील शेतकरी होते. ते जवाची एक जुनी जात पेरत. उंच, लवकर आडवी पडणारी, पण दाण्याला गोडी असलेली. त्या जवाची त्यांच्या गावात फिकट सोनेरी रंगाची बिअर होई. पुढं कमी उंचीची, जास्त पिकणारी नवी जात आली आणि जुनी संपली. साहेब हे सगळं आपल्या शेडमधल्या हिंदुस्तानीत रूथमावशीला सांगत आले होते. आणि रूथमावशी वर्षानुवर्षं बाजारातून जव आणून, भाजून, उकळून, गाळून त्यांना देत आली होती. ते पीत, आणि दरवेळी म्हणत, "अच्छा है. मगर ये वो नहीं." ती पुढच्या बाजाराला दुसऱ्या दुकानातून जव आणी. जळगावहून आणी, एकदा अमळनेरहून आणला. "ये वो नहीं." असं ऐकत ऐकत तिचे केस पिकले.

मला तेव्हा वाटायचं, किती हा हट्ट. आता वाटतं, आमच्याकडेही काय वेगळं होतं? आबा, माझे आजोबा, बन्सी गव्हाची पोळी नसली की ताटावरून उठत नसत, पण जेवणभर एक शब्द बोलत नसत. माणसाच्या तोंडात त्याच्या वडिलांचं शेत शिल्लक असतं. शेत विकता येतं. तोंडातलं काढता येत नाही.

फाल्गुनाच्या शेवटी विलायतेहून साहेबांच्या बहिणीकडून बिअरच्या दोन बाटल्या आल्या. बोटीवरच्या कुणा इंजिनियरनं त्या मुंबईपर्यंत आणल्या आणि पुढं गार्डाच्या डब्यातून त्या भुसावळला आल्या. दारूबंदी होती, पण साहेबांकडे वयाचं आणि आजाराचं परमिट होतं, म्हणून भीती नव्हती. पण एक बाटली वाटेत फुटली होती. बाटल्यांभोवतीचा पेंढा भिजून वाळला होता. रूथमावशीनं तो पेंढा फेकला नाही, दारात बसून कितीतरी वेळ हुंगत राहिली.

साहेबांनी मला सांगितलं ते सरळ होतं. त्यांच्या गावात एका म्हाताऱ्यानं जुन्या जवाचं मूठभर बियाणं जपून ठेवलं होतं. त्याचा एक पट्टा आता पुन्हा पेरला जात होता, आणि ही बाटली त्या जवाची आहे असं बहीण म्हणत होती. तो पट्टा त्यांच्या वडिलांच्याच शेतात होता. बहीण विधवा होती, एकटी होती आणि ये म्हणत होती.

"तो जव खरा असेल तर मी जाईन," ते म्हणाले. "आणि जुन्या नावानं नवाच जव खपवत असतील, तर तिथंही काही उरलं नाही. मग इथंच मरेन. इथली माती निदान खोटं बोलत नाही."

मी विचारलं नाही, पण माझी नजर स्वयंपाकघराकडं गेली असावी. ते थोड्या वेळानं म्हणाले, "बहिणीकडं एकच खोली आहे."

इतक्या मोठ्या गोष्टीचा निकाल एका घोटावर कसा टांगतात, असं कुणी म्हणेल. मी पाहिलं आहे की मोठ्या गोष्टी माणसं अशाच कुठल्यातरी खुंटीला टांगतात. ज्याला स्वतःहून जायचं धैर्य नसतं आणि राहायचंही नसतं, तो खुंटी शोधतो.

बाटली फार गार करायची नाही, पण कोमटही चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रूथमावशीनं ती माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली. बाळंतिणीला जपावं तसं ती दोन दिवस त्या वाळूवर पाणी शिंपडत होती. नळावर बातमी गेलीच होती. आमच्या शेजारच्या काकूंनी माझ्यादेखत तिला विचारलं, "काय वं मेमसाब, बोटीत तुले खिडकीजवळची जागा भेटन का?" बायका हसल्या. रूथमावशीही हसली. "माले तं डेकवर पाठवतीन, काकू, कोळसा टाकाले," ती म्हणाली. घागर उचलताना मात्र तिनं अर्धं पाणी स्वतःच्या पायावर सांडलं.

ज्या दिवशी बाटली उघडायची ठरली, त्या दुपारी मी गेले तर ती मला दाराशीच भेटली. तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात ओला होता, वाळूचे कण लागलेला.

"माय, त्यानी जीभ मरेल शे. तो तुलेच पेवाले सांगी. तुले इचारी." ती हळू आवाजात, तिच्या धुळ्याकडच्या बोलीत बोलत होती. "तू सांगी दे त्याले, नासी गयी म्हनीसन. इंग्रजीमा सांग, मराठीमा सांग, पन सांगी दे."

तिनं मनगट सोडलं नाही.

"तो जाई तं मी कोठे जासू? तठे एकच खोली शे. त्यानीच सांगं माले."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. रडणं असतं तर मला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या माणसाला हो म्हणता येतं. मी फक्त तिच्या हाताखाली माझं मनगट तसंच राहू दिलं, आणि आतून साहेबांनी हाक मारली.

बाहेर ऊन इतकं होतं की कावळेही चोच उघडी टाकून बसले होते. कॉलनी झोपली होती. शंटिंगचं एक इंजिन तेवढं कुठंतरी दमल्यासारखं श्वास टाकत होतं. साहेबांनी स्वतः बूच काढलं. काचेच्या पेल्यात ओतताना त्यांनी पेला तिरपा धरला. अधू डोळ्यांनी त्यांना तो दिसत नव्हता, पण हाताला ठाऊक होतं. रंग उन्हात वाळलेल्या गव्हाच्या काडीचा. वर फेस, रिठ्याच्या पाण्यावर येतो तसा, पण जाड आणि संथ. त्यांनी पेला नाकाशी नेला. मग एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. शेडमध्ये ते म्हणे डोळे मिटून नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखत. तसेच ते बसले होते, डोळे मिटून, लांबून येणारा एखादा आवाज ऐकल्यासारखे. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांनी घोट गिळला.

"पाणी," ते म्हणाले. "नुसतं पाणी." आणि पेला माझ्याकडं केला. "तू पी. मला सांग."

माझ्या मनात काय काय येऊन गेलं. नाना आले, त्यांची तुळशीची माळ आली. पोलीस आले. मुलीच्या जातीनं दारूला तोंड लावलं हे नळावर कसं पोहोचेल, ते आलं. तरी मी पेला घेतला, कारण नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं, आणि बोलणं मला नेहमीच पिण्यापेक्षा अवघड वाटत आलं आहे.

आधी जिभेला टोचलं. मग कडू, चैत्रात पाडव्याला चघळतो त्या कडुनिंबाच्या कोवळ्या पानासारखं, पण तितकं उघडं नव्हे. त्या कडूच्या पाठीमागं काहीतरी उबदार होतं. तव्यावर जरा जास्त राहिलेल्या दादर ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा असतो, तसं. आणि घोट गेल्यावर जिभेच्या कडांना आखडून धरणारं, कच्च्या केळ्याच्या सालीसारखं तुरट. मला ते आवडलं की नाही, आजही ठरवता येत नाही. एवढं मात्र आठवतं की त्या क्षणी मला शाळेत शिकलेला एकही इंग्रजी शब्द सापडला नाही. मला तिथं फुलांची नावं शिकवली होती, जी मी कधी पाहिली नव्हती. तोंडात जे होतं त्याला मला नाव दिलेलं नव्हतं.

"कडू आहे," मी इंग्रजीत म्हणाले. आणि मग मराठीत, "तुरट."

"तुरट?" साहेबांनी मान वळवली. "रूथ, तुरट क्या?"

रूथमावशी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती माझ्याकडं पाहत होती, मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून. ते मी बोलले असते की नसते, मला माहीत नाही. मला बोलावं लागलं नाही. ती पुढं आली, तिनं माझ्या हातातून पेला घेतला आणि पदराआड न करता, उभ्या उभ्या, एक मोठा घोट घेतला.

मी तिचा चेहरा पाहत होते. साहेबही पाहत होते, त्यांना जेवढा दिसत होता तेवढा. आयुष्यभर कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या माणसासारखं त्यांचं तोंड झालं होतं. अर्धवट उघडं, लहान मुलाचं.

तिनं घोट गिळला. एकदा ओठांवरून जीभ फिरवली. तिच्याइतके जव त्या गावात कुणी चाखले नव्हते. इतक्या वर्षांचे सगळे नकार तिच्या तोंडात साठलेले होते, आणि हा त्यातला कुठलाच नव्हता. हे तिला कळलं ते मला दिसलं. डोळे आधी मोठे झाले, मग विझले.

"साहेब," ती म्हणाली, "ये मेरा वाला नहीं."

"मतलब?"

"मतलब बजारका नहीं. जलगावका नहीं, अमळनेरका नहीं. जली रोटी, और गीला घास. तुम बोलता था ना? ऐसाच है." ती थांबली. "तुमारा बापका है."

"पक्का?"

"पक्का."

इंजिन कुठंतरी थांबलं होतं. साहेबांनी हात पुढं केला, तिनं त्यात पेला दिला. उरलेलं सगळं त्यांनी सावकाश पिऊन टाकलं, औषध प्यावं तसं, काहीही चव न लागता, शेवटच्या थेंबापर्यंत. मग म्हणाले, "गुड." रूथमावशी आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, कसलाच आवाज आला नाही. मी तोंड धुतलं, आमच्या दाराशी पोहोचेपर्यंत कडुनिंबाची पानं चावत गेले, आणि आईनं विचारल्यावर डोकं दुखतंय म्हणून झोपून राहिले.

माझी परीक्षा झाली. कशी झाली ते आठवत नाही. जळगावच्या त्या हॉलमध्ये पंखा फिरत नव्हता आणि शाई बोटांवर वाळत होती, एवढं आठवतं. वैशाखात साहेब विलायतेला निघाले. मुंबईच्या गाडीवर त्यांना पोहोचवायला शेडमधले चार जुने लोक आले होते, त्यांनी झेंडूचा हार आणला होता. नाना होते, मी होते. रूथमावशीनं भाकरीसारखा जाड पाव भाजून फडक्यात बांधून दिला होता. गाडी हलायच्या आधी साहेबांनी सगळ्यांशी हात मिळवले. शेडमधल्या लोकांशी, नानांशी, माझ्याशी. शेवटी रूथमावशीशीही. तसाच, उजवा हात, एकदा वर, एकदा खाली. तिनंही तसाच मिळवला. तिला बहुधा वाटलं असावं की विलायतेला जाताना असंच करायचं असतं.

एक हिवाळा त्यांनी तिथं काढला. पुढं ते वारल्याची बातमी पाद्र्यांकडून आली, त्यापलीकडं काही नाही. ते भाड्याचं घर सोडावंच लागलं, आणि रूथमावशी आपल्या भावाकडं धुळ्याला निघून गेली. जाताना तिनं आईला आपली खलबत्त्याची जोडी दिली. आईनं ती विचार न करता घेतली, आणि मग ओट्यावर ठेवून त्या जोडीकडं बघत बसली.

परवा शाळा सुटल्यावर मी उत्तरपत्रिकांचं गाठोडं घेऊन बसस्टँडवर उभी होते. आग्रा रोडची धूळ, ट्रकांचे भोंगे, रसाच्या चरकाचा करकर आवाज. बाकावर एक म्हातारी बसली होती, पायांशी पिशवी. मी ओळखण्याआधी रूथमावशीनं मला ओळखलं.

"तू नानांनी पोर ना? तशीच उंच शे. लगीन?"

"नाही अजून."

"बरं शे," ती म्हणाली, आणि बाजूला सरकून तिनं मला जागा केली.

ती आता साक्रीकडं पुतण्याच्या घरी निघाली होती. भाऊ वारला होता. दवाखान्यातलं चादरी धुण्याचं काम तिला आता झेपत नव्हतं. हे सगळं तिनं बाजारभाव सांगावेत तसं सांगितलं. मी माझं सांगितलं, थोडं. मग आम्ही दोघी गप्प बसलो. आम्हाला ते जमतं.

बस लागली तसं तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "काय वं, त्याले तठे चव उनी व्हई का?"

मला समजायला थोडा वेळ लागला. त्यांच्या जिभेबद्दल ती विचारत होती. इतकी वर्षं हा प्रश्न ती कुणाला विचारू शकली नसणार; पाद्र्यांना असलं काही विचारत नाहीत. मला बरं काहीतरी बोलायचं होतं.

"आली असेल, मावशी," मी म्हणाले. "हवापालट झाला की येते. स्वतःच्या घरचं पाणी, घरचा जव... आली असेल."

ती मान हलवत राहिली. माझ्या बोलण्यानं तिला बरं वाटेल असं मला खरोखर वाटलं होतं. कंडक्टरनं साक्रीचं नाव पुकारलं. ती उठली, पदर खोचला.

"अठे व्हता तवपावत तो मनी जिभवर जगना," ती म्हणाली. "मी गोड सांगू तं गोड, खारं सांगू तं खारं. तठे त्यानी चव त्याले उनी व्हई, तं मंग मी त्याले कसाले आठवसू?"

आणि पायरीवर एक पाय ठेवून, छातीशी घाईघाईनं क्रूसाची खूण करून, ती इतक्या हळू बोलली की ते मला सांगितलं की देवाला, हे मला कळलं नाही :

"नको उनी पाहिजे."